काठावरची दोघं

ता. ६ जानेवारी

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरत होतो. आता निवृत्त झालोय, पण सवय गेलेली नाही. हे पत्र तुम्हाला लिहावं की तुमच्या यजमानांना, या विचारात दोन कागद वाया गेले. शेवटी तुम्हालाच लिहितोय, कारण तुमचे यजमान हयात आहेत का, हेच मला आधी विचारायचंय.

प्रश्न विचित्र वाटेल. खुलासा करतो. गेल्या आठवड्यात आमच्या हिच्या नावानं एक कार्ड आलं. पत्ता तुमच्या खाणीच्या वसाहतीचा. मजकूर जसाच्या तसा देतो: "खंड्या, तलाव बुजवणार आहेत. त्याआधी एकदा पाणी भरतोय, मार्चच्या पहिल्या रविवारी. आपला जोडसूर राहिलाय. ये. आपला, धोंडा."

एवढ्याशा मजकुरात दोनदा 'आपला'. शेवटचा मी समजू शकतो, तसा तर विमा कंपनीवालाही लिहितो. पहिल्या 'आपला'वर मी अजून अडकलोय.

हिचं माहेर तुमच्याच वसाहतीतलं. वडील दिव्यांच्या खोलीत कारकून, खाली उतरणाऱ्यांना दिवे देणारे. लहानपणी ती तिथल्या तलावात पोहायची, एवढं मला ठाऊक होतं. आमचं लग्न झाल्यावर तिच्या एका मावशीच्या तोंडून निघून गेलं, "काय जोडी होती हो सुरांची. अख्खी वसाहत बघायला लोटायची." मी हिला विचारलं, जोडी म्हणजे कोणाशी? ती म्हणाली, "वर्कशॉपमधला एक मुलगा होता. खाणीतल्या अपघातात गेला."

मी हळहळलो. चौतीस वर्षं त्या मुलाबद्दल मी मनात चांगलंच चिंतलं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं चिंतायला पैसे पडत नाहीत. आणि आता तोच कार्ड टाकून म्हणतो, ये.

मी हिच्यापुढे कार्ड धरलं. म्हटलं, "मेलेली माणसं पत्रं टाकायला लागली का?" तिनं ते वाचलं आणि हसली. वहिनी, ते हसू माझ्या ओळखीचं नाही. मग म्हणाली, "मला जायचंय." एवढंच बोलली आणि कार्ड आपल्या पर्समध्ये टाकलं.

तेव्हा कृपा करून कळवा: हा धोंडा तुमचाच का, आणि या सगळ्याची तुम्हाला कल्पना आहे का?

आपला (शेवटचा, रीतीपुरता),
खंड्याचा नवरा
(बायकोचं हे नाव मला कार्डावरून कळलं.)


ता. १३ जानेवारी

भाऊजी, नमस्कार.

हे जिवंत आहेत. आत्ताच जेवले आणि पंपाचा कुठलासा वॉशर शोधत घरभर उलथापालथ करतायत. धोंडा म्हणजे हेच. पाण्यात दगडासारखे सरळ जायचे म्हणून. आणि तुमची ही खंड्या पक्ष्यासारखी झेपावायची म्हणून ती खंड्या.

तुमचं पत्र मी शिलाई मशीनच्या खणात ठेवलंय. तिथे हे हात घालत नाहीत, सुयांना भितात.

तुम्हाला एक आठवडा झाला तर तुमचा एवढा जळफळाट. मला तेहतीस वर्षं झाली. मी लग्न होऊन इथे आले त्याच वर्षी तलावाचं पाणी बंद झालं. तेव्हापासून बघतेय, या वसाहतीत माणसांच्या दोनच जाती: तलाव बघितलेले आणि न बघितलेले. कुठे चार माणसं जमली, हातात चहा आला, की कोणीतरी म्हणतंच, "खंड्या आठवते का?" मग सगळे आठवतात. हे कप खाली ठेवतात आणि खिडकीबाहेर बघतात. मी मात्र बशा गोळा करते. सवत हाडामांसाची असती तर एकदाचं समोरासमोर झालं असतं. मला मिळाली ती सिमेंटची.

तुम्ही बघितला नसेल म्हणून सांगते. तलाव खाणकामगारांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः खणला. खाणीच्या पोटातलं पाणी पंपानं वर काढायचे आणि त्यात सोडायचे. थंडीतही कोमट असायचं म्हणे, आणि लोखंडाचा वास यायचा. पाळी सुटली की माणसं काळीकुट्ट यायची, आधी नळाखाली अंग धुवायची आणि मग पाण्यात. तरी पायऱ्यांवर कोळशाची रेघ उमटलीच, ती अजून आहे. सूर मारायचा मनोरा एका बंद पडलेल्या खाणीच्या लोखंडाचा केलाय, त्यावर तीन फळ्या. लोक मला बोट करून दाखवायचे, "त्या फळीवरून खंड्या सूर मारायची." मी बरोबर तिच्याच खाली गाद्या वाळत घालायचे. इतकी वर्षं घातल्या. तेवढाच माझा सूड.

आता 'राहिलाय' म्हणजे काय ते. शेवटच्या वर्षी पोहण्याच्या स्पर्धेला हे दोघं वरच्या फळीवर चढले होते. दोघांनी हात पुढे केले आणि खाणीचा भोंगा झाला. अवेळी. काठावरची माणसं उठून पळाली. हे मनोऱ्यावरून उतरले ते ओल्या चड्डीवर खाणीकडे धावले आणि बचावाच्या टोळीबरोबर खाली गेले. अकरा माणसं गेली त्या दिवशी. नंतर कोणाला पाण्यात उतरवेना. पुढे कंपनीनं ते पाणी कोळसा धुवायला वळवलं. तो सूर तसाच वर राहिला.

तुमच्या हिनं यांना मारून टाकलं हे वाचून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. म्हणजे तिच्याही घरात यांचं नाव काढायची सोय नव्हती तर.

पण भाऊजी, मत्सर एकीकडे ठेवा. यांच्या छातीत धूळ बसलीय. डॉक्टरांनी जिने चढायला मना केलंय, आणि हे मनोरा चढायच्या गोष्टी करतात. मी बोलले तर म्हणतात, "तुला नाही कळायचं." ते तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तेव्हा असं करू. तुम्ही तुमच्या माणसाला आवरा. ती आली नाही तर हे एकटे चढायचे नाहीत. जोडसूर एकट्यानं होत नाही.

तुमची वहिनी


ता. २ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

तुम्ही सोपवलेल्या कामात मला यश आलेलं नाही.

मी आधी भाच्याला पुढे केलं. त्या रविवारी त्यानं आपल्याला बोलावलंय असं सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही जा. त्याला माझा आशीर्वाद सांगा." मग मी माझी तब्येत पुढे केली. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "थंडगार आहे." मग मी गप्प बसलो. चौतीस वर्षांत माझ्या गप्प बसण्याला तिनं नेहमी भीक घातली आहे. या वेळी तिच्या ते लक्षातच आलं नाही.

ती रोज सकाळी नगरपालिकेच्या तलावावर जाते. मला सांगायची की फिरायला जाते. केस ओले दिसले म्हणून मी एकदा मागोमाग गेलो. तिथे प्रेक्षकांना बसायला बाकं आहेत, त्यातल्या शेवटच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसलो. लहान पोरं आरडाओरडा करत होती. ही आली, टोपी चढवली आणि शिडीला हात घातला. तिला चढताना बघून माझा चष्मा धुरकटला. मी तो काढून पुसला आणि परत लावला, तेव्हा पाणी हलत होतं आणि ती फळीवर नव्हती. पोरं टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा आधीच पुसून गेलो. ऐन वेळी डोळे मिटले गेले. मुद्दाम नाही, मिटलेच. आवाज तेवढा आला, कोरा कागद एका फटक्यात फाडावा तसा. पुन्हा गेलो नाही.

म्हणजे बघा, माझ्या बायकोचा सूर तुमच्या वसाहतीनं पाहिला, नगरपालिकेच्या पोरांनी पाहिला, आणि मी पाहिलेला नाही. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो.

तुमचे यजमान तिला आणखी काही लिहितात का? इथे दोन पाकिटं येऊन गेली. ती पर्समध्ये जातात.

एक गोष्ट मात्र बरी घडली. परवा तिनं आपण होऊन मला जवळ बोलावलं, हातात टेप दिली आणि म्हणाली, "नवा ब्लाउज शिवायचाय, मापं घ्या." इतक्या वर्षांत तिनं मला असं काही सांगितलं नव्हतं. मी अगदी काळजीपूर्वक मापं घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहून दिली. ती म्हणाली, "तुमच्याइतकं नेमकं कोणी लिहीत नाही." दोन दिवस मी बरा होतो.

खंड्याचा नवरा


ता. ११ फेब्रुवारी

भाऊजी,

तो ब्लाउज नव्हता.

काल हे माझ्या मशीनजवळ येऊन उभे राहिले. हातात गडद निळं कापड, पांढरी पट्टी आणि एक चिठ्ठी. म्हणाले, "पोहण्याचे दोन पोशाख शिव. जुन्यांसारखे, एकसारखे. एक माझा, एक तिचा."

मी म्हटलं, "मी शिंपीण आहे की तुमची करवली?"

हे म्हणाले, "वसाहतीत तुझ्याइतकं चांगलं कोण शिवतं?"

नवरा असा गोड बोलला की समजावं, दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे.

चिठ्ठी उघडली तर छाती, कंबर, पाठ, खांद्यापासून मांडीपर्यंत (ब्लाउजला मांडी कशाला, हे तुम्हाला सुचलं नाही?), सगळं सुवाच्य. 'इंच' आठ वेळा, आठही वेळा अनुस्वारासकट. अक्षर लगेच ओळखलं. रागावू नका, पण मी आधी हसले आणि मग कातर आपटली.

मला मापावरून माणूस दिसतो. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आहे. पाठ रुंद आहे, आणि या वयातही कंबर कंबरेच्या जागी आहे. तेहतीस वर्षं जिच्याबद्दल नुसतं ऐकलं, ती माझ्या टेबलावर कापडाच्या चार तुकड्यांत पडली होती. मी तिला न बघता कापली.

यांचा पोशाख शिवून झाला. पक्की दुहेरी शिलाई, ओढून बघितली. तिचाही झाला, पण डाव्या काखेखालची शिवण मी धावदोऱ्यानं घातलीय. धावदोरा तुम्हाला कळत नसेल तर सांगते. बेतून बघायला घालतात तो कच्चा टाका. दिसायला पक्क्यासारखाच दिसतो. माणूस हात वर करून उंचावरून पाण्यात शिरला की सगळा ताण तिथेच येतो.

काठावर अख्खी वसाहत असेल.

एवढंच लिहिते. पुढचं तुम्ही ताडा.

वहिनी


ता. १७ फेब्रुवारी

वहिनी,

ताडलं.

ती चिठ्ठी मी किती मन लावून लिहिली होती, हे आठवून माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. छापखान्यात एखादा लेखक फार तोऱ्यात वागला, तर त्याच्या पुस्तकातली एखादी चूक आम्ही दिसूनही सोडून देत असू. कोणी विचारलं तर म्हणायचं, नजरेतून सुटली.

तुमच्या पत्रातला तो टाका माझ्या नजरेतून सुटला आहे.

खंड्याचा नवरा


ता. १८ फेब्रुवारी

वहिनी,

कालचं पत्र न वाचता फाडा. वाचलं असेल तरी फाडा. आणि ती शिवण पक्की करा.

काल पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि राहवलं नाही. ही स्वयंपाकघरात उभी होती. मी म्हटलं, "मापं पोहण्याच्या पोशाखाची होती. मला खोटं का सांगितलंस? तेव्हाही आणि आताही?"

ती म्हणाली, "आता सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुमचा हात थरथरला असता आणि मापं चुकली असती."

"आणि तेव्हा?"

ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "त्या रविवारी तो खाली गेला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर आला. मधला सगळा वेळ मी खाणीच्या तोंडाशी उभी होते. एकेक जण आणत होते, झाकून. मी त्याला मेलेला धरला होता. रडून घेतलं होतं. तो चालत वर आला तेव्हा आनंद झाला, पण रडलेलं काही परत घेता येईना. पुढे तुम्ही विचारलंत, तेव्हा तुमचा चेहरा असा होता की मी म्हटलं, गेला. तुम्ही लगेच शांत झालात. मग त्याला जिवंत करायचा धीर झाला नाही. तुम्हाला सांगितलं ते एका दिवसापुरतं खरं होतं."

मी विचारलं, "तुमच्यात होतं का काही?"

"होतं. फळीपासून पाण्यापर्यंत. पाण्यातून बाहेर आलो की तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी."

"म्हणजे थोडंसंच."

"थोडंसं असं मी म्हटलेलं नाही," ती म्हणाली आणि उठून गॅस लावला.

वहिनी, मला आज कालच्यापेक्षा जास्त जळतंय, हे लपवत नाही. तिचं माझ्याशी इतकं नीट बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि झालं ते त्याच्यावरून. पण त्या काठावर लोक तिला हसले, तर ती घरी आल्यावर माझ्यासमोरही मान वर करायची नाही. तशी बायको मला नको. ही जी आहे, पर्समध्ये पाकिटं ठेवणारी, तीच बरी.

ती येणार आहे. मी येणार नाही. तेवढं मोठं मन माझ्याजवळ नाही.

शिवण पक्की करा. कळवा.


ता. ८ मार्च

भाऊजी,

कळवायला उशीर झाला. तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. टपालवाल्यानं वरचं आधी दिलं, ते 'फाडा' म्हणणारं. मग खालचं उघडलं, म्हटलं बघू तरी काय फाडायचंय. दोन्ही ठेवलीत.

शिवण मी त्याच्या आधीच उसवून पक्की केली होती, उगाच स्वतःकडे श्रेय घेऊ नका. आणि मन मोठं झालं म्हणूनही नाही. एके दुपारी एका शाळकरी पोरीची आई गणवेशाची शिवण उसवली म्हणून तक्रार घेऊन आली. चूक त्या पोरीची होती, झाडावर चढलेली. तरी मला रात्रंदिवस लागून राहिलं. मग वाटलं, माझ्या हातचा कपडा भर वसाहतीत फाटला, तर लोक तिला एक दिवस हसतील, आणि माझी शिलाई कच्ची असं जन्मभर म्हणतील. एवढी महाग सवत मला परवडायची नाही.

ती शनिवारी आली. बेतून बघायला माझ्याच घरी यावं लागलं. मी टाचण्या तोंडात धरून तिच्याभोवती फिरले. खांदा खरंच खाली आहे. ती म्हणाली, "काखेत जरा घट्ट होतो का हो, वहिनी?" मी म्हटलं, "वय झालं की सगळंच घट्ट होतं." दोघी हसलो. मनापासून नाही, पण हसलो.

रविवारी तलावात पाणी होतं. यांनी आणि चार म्हाताऱ्यांनी महिनाभर भेगा बुजवल्या होत्या, तरी ते कुठून तरी झिरपत होतं आणि पंप सारखा चालू ठेवावा लागत होता. मी पहिल्यांदाच त्या खड्ड्यात पाणी बघितलं. हिरवट, वाफाळलेलं. मला माझ्या गाद्यांची जागाच सापडेना.

वरची फळी गंजली म्हणून इंजिनियरनं बंद केली होती. ठरलं की मधल्या फळीवरून. तीही घराच्या कौलांइतकी उंच. हे पुढे चढले, ती मागे. शिडीवर हे दोनदा थांबले, खोकले. ती एक पायरी खाली, एक हात यांच्या पाठीमागे धरून. पण पाठीला लावला नाही. मी तेच बघत होते, लावते का. मी असते तर यांची मानगूट धरून खाली ओढलं असतं. तिला बरोबर माहीत होतं की हात लावला तर हे चढायचे नाहीत. भाऊजी, त्या न लावलेल्या हातानं मला जेवढं जाळलं तेवढं आधी कशानं जाळलं नव्हतं.

वर गेल्यावर ती दोघं नुसतीच उभी राहिली. काठावर सगळे माना वर करून. त्या अकरांच्या घरची माणसंही होती. मला वाटतं प्रत्येकजण भोंग्याची वाट बघत होता. भोंगा आता राहिलेला नाही, कंपनीनं गेल्याच वर्षी उतरवला, तरीही.

मग हे काहीतरी बोलले, तिनं मान हलवली, आणि दोघं निघाली.

मी कपडे कापते म्हणून तसंच सांगते. दोन कापडं एकावर एक घालून एकाच कातरीनं कापली की कडा जशा येतात, तशी ती दोघं हवेतून आली. म्हातारी माणसं हो. यांची पोटरी वाळलेली, तिच्या मानेला सुरकुत्या. पण हवेत वय दिसलं नाही. मला वाटायचं, लोक वाढवून सांगतात. लोकांनी कमीच सांगितलं होतं. इतकी वर्षं आपण उगाच जळतोय, असं मला अधूनमधून वाटायचं आणि मी स्वतःलाच बोल लावायचे. उगाच नव्हतं, भाऊजी. जळण्यासारखंच होतं.

पाण्याबाहेर आल्यावर यांना जो खोकला लागला तो थांबेना. मी चपलांसकट पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेले आणि यांना धरलं. ती दुसऱ्या कडेनं बाहेर निघाली. संध्याकाळच्या गाडीनं गेली, यांना भेटली नाही. मला म्हणाली, "जपा त्याला." मी म्हटलं, "दुसरं काय करतेय?" ती म्हणाली, "तेच म्हणतेय," आणि पोशाख घडी घालून पिशवीत टाकला. शिवण शाबूत होती.

यांना ताप आहे. डॉक्टर मला ओरडले, जणू मीच ढकललं.

तुम्ही यायला हवं होतं.

वहिनी


ता. १५ मार्च

वहिनींना नमस्कार.

यजमानांचा ताप उतरला असेल अशी आशा आहे. हे मी मनापासून लिहितोय. महिन्यापूर्वी मनापासून लिहिलं नसतं.

ही आली ती थकून खुर्चीतच झोपली. मी तिचा पोशाख वाळत घातला. जागी झाल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

ती म्हणाली, "झालं."

"म्हणजे कसं?"

"मला काय दिसणार? मी त्यात होते. काठावरच्यांना विचारा." मग म्हणाली, "तुम्ही नव्हतात ना काठावर."

तिनं टोमणा मारला नव्हता, हीच अडचण आहे. टोमण्याला उत्तर देता येतं.

आजवर आपण दोघं होतो, न पाहिलेले. आता तुम्ही पाहिलंत आणि मी एकटा उरलो. धोंड्याचा मत्सर करून करून मी दमलोय, आता मला तुमचा हेवा वाटतो. 'मी तिथे असायला हवं होतं' हे वाक्य मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. त्यात एकही चूक नाही.

एक विनंती. तुम्ही लिहिलंत ते फार थोडं आहे. कातरीची उपमा छान आहे, पण ती दोघांची आहे. मला फक्त तिच्याबद्दल लिहा. हात कसे होते, मान कशी होती, पाण्यात शिरताना कशी दिसली. जमेल तेवढं लिहा. मी सकाळच्या तलावावर जाऊन बघू शकतो, हे मला कळतं. पण ती आता जात नाही. म्हणते, झालं माझं.

खंड्याचा नवरा


ता. ४ एप्रिल

भाऊजी, नमस्कार.

यांचा ताप उतरला. अशक्तपणा आहे, खिडकीशी बसून असतात. खिडकीतून आता बघायला काही नाही. खाणीतला दगड ट्रकांनी आणून तलावात टाकला आणि मनोरा गॅसनं कापून नेला. दोन दिवसांत सपाट झालं. हे बघायला गेले नाहीत. मी गेले होते.

तुमची विनंती वाचली. पुरी करणार नाही. कारण सांगते.

बरे वाटायला लागल्यावर एका संध्याकाळी यांनी मला हाक मारली. मला वाटलं औषध हवंय. म्हणाले, "तुला कसं दिसलं?"

मी म्हटलं, "चांगलं झालं की."

"तसं नाही. माझे पाय जुळलेले होते का? गुडघे वाकले का? पाणी किती उडालं?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? मला नाही कळायचं."

यांनी आपले पाय जुळवून बघितले. मग म्हणाले, "आम्हाला कधी दिसलंच नाही गं. तेव्हाही नाही. लोक टाळ्या वाजवायचे म्हणून कळायचं, चांगलं झालं. तू नजर लावून बघत होतीस. मी फळीवरून तुला बघितलं."

तेहतीस वर्षांत त्या तलावावरून यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं. मी स्टूल ओढून बसले आणि पाय कसे होते ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. मग हातांचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी, फळी सोडतानाचं. आता रोज संध्याकाळी हाक येते. मी मशीन बंद करून जाते. थोडं सांगते, मग म्हणते, गॅसवर दूध आहे, आणि उठते.

मला सगळं आठवतंय, भाऊजी. सगळं सांगून टाकलं तर दोन संध्याकाळींत संपेल. त्या तलावातलं काहीतरी यांच्याकडे नाही, तुमच्या खंड्याकडेही नाही, आणि फक्त माझ्याकडे आहे, असं पहिल्यांदाच झालंय. ते मी टपालानं वाटत बसणार नाही. ऐकायचं असेल तर तिला घेऊन इकडे या. तुमच्यापुरतं तेवढं बाजूला काढून ठेवीन.

आज यांनी विचारलं, "आधी पाण्यात कोण शिरलं? खंड्या की मी?"

जुळलेल्या सुरातही केसभर फरक पडतो, आणि तो मी बघितलाय. यांनी मान पुढे केली होती, डोळे माझ्यावर.

मी म्हटलं, "उद्या सांगते."

वहिनी